मुंगीने लोड ओलांडला

मित्रांनो, मी लोड आहे. आता घरोघरी सोफे आले आहेत, त्यामुळे लोड म्हणजे काय हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक नसेल. कापूस ठासून भरलेली, लांबट, गोल आणि चांगली जाड उशी म्हणजे लोड. पण मी उशीसारखा मऊ नाही. माणसाने जमिनीवर बसावे आणि मला पाठ टेकावी, यासाठी माझा जन्म.

गादीवाल्याने मला एका सकाळी भरले. त्याने कापूस पिंजला, खोळीत कोंबला आणि काठीने मला असे काही बडवले की माझ्या अंगात एकही पोकळ जागा उरली नाही. "माणसाची पाठ मोडेल, पण हा दबायचा नाही," असे तो गिऱ्हाइकाला म्हणाला. ते गिऱ्हाईक म्हणजे एक पुस्तकबांधणी करणारे गृहस्थ. मी त्यांना आजोबा म्हणतो, कारण ते हयात असते तर पुढे या घराचे आजोबा झाले असते. माझे वरचे निळे कापड त्यांच्या बायकोने, म्हणजे आजीने, शिवले.

आजोबा घरातच काम करत. दिवसभर मांडी घालून सुटी पाने शिवायची, खळ लावायची, पुठ्ठे चढवायचे. पाठ भरून आली की ते मला टेकत आणि म्हणत, "माझा अर्धा धंदा या लोडावर चालतो." अशी बावीस वर्षे गेली. मग आजोबा वारले. आजीने मला जुन्या चादरीत गुंडाळले आणि कपाटावर ठेवून दिले. मला कोणी हात लावायचा नाही, असा तिचा दंडकच होता. एक पाल तेवढी माझ्या शेजाराला होती, पण तिला टेकायची सवय नव्हती.

कपाटावर मला पाच वर्षे झाली, तेव्हा घरात मुंगी आली.

मुंगी हे तिचे खरे नाव नव्हे. ती दोन महिने आधीच जन्मली. तिच्या बाबाने पहिल्यांदा तिला पाहिले आणि तो म्हणाला, "अरे, ही तर मुंगीएवढी आहे!" तेच नाव पडले. चाळीस दिवस ती दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. आजी रोज जाऊन काचेबाहेर उभी राही. हात लावायला परवानगी नव्हती. मुंगी घरी आली त्या दिवशी आजीने तिला मांडीवर घेतले, आणि जणू पुन्हा खाली ठेवलेच नाही.

मुंगीची आई टपाल वाटायची. सकाळी सायकलवर जायची ती संध्याकाळी यायची. बाबा बेकरीत कामाला. पहाटे जाऊन दुपारी परतायचा, भुवयांवर पीठ घेऊन. त्यामुळे मुंगी दिवसभर आजीकडे असे. आजीने काही कमी केले नाही. वेळेवर आंघोळ, वेळेवर दूध, खेळणे तर हातात आयते. मांडीवरून खांद्यावर आणि खांद्यावरून मांडीवर, एवढाच मुंगीचा प्रवास. नऊ महिन्यांची झाली तरी ती कुशीवर वळत नव्हती. पालथी घातली की आकांत करी. बसवली की गाठोड्यासारखी कलंडे.

एकदा दवाखान्यातून व्यायामताई घरी आल्या. लहान मुलांना हालचाली शिकवणे हे त्यांचे काम. त्यांनी मुंगीचे हातपाय हलवून पाहिले, मान पाहिली, पाठीवरून हात फिरवला.

"आधी जन्मली म्हणून थोडा उशीर चालेल," त्या म्हणाल्या. "पण हा जरा जास्तच आहे. आत्ताच हलवायला लागू. हिला जमीन दाखवलीये का कुणी?"

आजीने मुंगीला परत मांडीवर घेतले.

"घरात एखादा लोड आहे का? चांगला कडक?"

बाबाने वर पाहिले. मी श्वास रोखून धरला, म्हणजे लोडाला जेवढा रोखता येतो तेवढा.

"तो त्यांचा आहे," आजी म्हणाली.

"आई, बाबा असते तर त्यांनीच काढून दिला असता," मुंगीचा बाबा आजीला, म्हणजे त्याच्या आईला, म्हणाला.

आजी स्वयंपाकघरात गेली आणि पातेली जरा जोरातच घासू लागली. बाबाने स्टूल आणले.

ताईंनी सगळे करून दाखवले. सतरंजीवर मला आडवे ठेवायचे. मुंगीला पोटावर माझ्या अंगावर घालायचे, हातांची कोपरे पुढे, आणि तिच्या कमरेवर सतत एक हात ठेवून मला हळूच पुढेमागे डोलवायचे. बाळ जागे हवे, पोट नुकतेच भरलेले नको. "रडली तर थांबा. हसली तर अजून थोडं. हा खेळ आहे, परीक्षा नाही," त्या म्हणाल्या.

पहिल्या दिवशी बाबाने बारा आकडे मोजेपर्यंत मुंगीने असा सूर लावला, की शेजारीण काय झाले ते बघायला आली. दुसऱ्या दिवशी बाबा स्वतःच तिच्यासमोर पालथा पडला आणि भुवया उडवू लागला. पीठ भुरभुरले. मुंगीला हसू फुटले आणि ते पाहायला तिने मान वर काढली. तेव्हापासून दुपारचा हा आमचा नेमच झाला. कधी वाटी आणि चमचा, कधी किल्ल्यांचा जुडगा, मुंगीच्या हातापासून वीतभर लांब. आई संध्याकाळी तिला घोड्यावर बसवावे तशी माझ्यावर बसवी आणि कमरेला धरून टपाल वाटायचा खेळ खेळे. "हे पत्र शेजारच्या काकूंचं, हे पत्र दुकानदारकाकांचं!" प्रत्येक पत्राला मुंगी एकेका बाजूला झुके आणि पुन्हा सावरे. महिनाभरात ती वळू लागली. दीड महिन्याने बसली, आणि लवकरच पोटावर सरकूही लागली.

मग एका रविवारी दाराची घंटा वाजली. आईने मान वळवली, हात सुटला, आणि मुंगी माझ्यावरून पलीकडे डोक्यावर घसरली. तिचा दात तिच्याच ओठात रुतला. माझ्या निळ्या कापडावर रक्ताचे दोन थेंब पडले.

आजी धावत आली. तिने मुंगीला उचलले आणि एवढेच म्हणाली, "पुरे झालं. हिला एकदा काचेत बघितलंय मी."

आईच्या डोळ्यांत पाणी आले. तिने मला उचलून कपाटावर ठेवले. मित्रांनो, आयुष्यात मला दोनदाच वाईट वाटले. आजोबा गेले तेव्हा, आणि त्या दिवशी.

आठ दिवसांनी ताई आल्या. रिकामी सतरंजी पाहून त्यांनी विचारले, आणि बाबाने रविवारचा प्रकार सांगितला.

"पडल्यावर किती वेळ रडली, आजी?"

"असेल पाच मिनिटं."

"आणि तुम्ही?"

आजी म्हणाली, "माझं अजून थांबलं नाहीये."

ताई तिच्याजवळ जाऊन बसल्या. "तुमची भीती खोटी नाही. हात सुटायला नको होता. पण आजी, किल्ल्यांसाठी ती वीतभर सरकते. तुमच्यासाठी किती सरकेल, बघू या का?"

आजीने रिकाम्या सतरंजीकडे पाहिले. "मला खाली बसावं लागेल," आजी म्हणाली.

आजीचे गुडघे कुरकुरत. जमिनीवर बसून तिला चार वर्षे झाली होती. बाबाने हात पुढे केला. "राहू दे, येतं मला," ती म्हणाली. तिने खुर्चीचा दांडा धरला, एक गुडघा टेकला, तळवा टेकला, "आई गं" म्हटले, दुसरा गुडघा टेकला आणि बसली. मुंगी हे सगळे टक लावून पाहत होती.

बाबाने मला कपाटावरून खाली काढले. सतरंजीवर एका बाजूला मुंगी, मध्ये मी, पलीकडे आजी. बाबा माझ्या शेजारी, हात पसरून तयार. मुंगीने सवयीप्रमाणे दोन्ही हात वर केले. मला घे. आजीचे हात आपोआप पुढे झाले.

"हात नको, आवाज द्या," ताई म्हणाल्या.

आजीने दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून धरले. "ये गं मुंगे. मी इथंच आहे."

मुंगी रडली. आजी हलली नाही, नुसती बोलत राहिली. मग मुंगीने छातीने मला धडक दिली. पायाचा अंगठा सतरंजीत रोवला आणि ढकलले. घसरली. पुन्हा ढकलले. तिची लाळ माझ्या कापडावर पसरत होती. मी दबलो नाही, गादीवाल्याची कृपा. एक गुडघा वर आला, तिचे सारे वजन माझ्या पाठीवर आले, आणि ती पलीकडे कलली. बाबाचा हात अगदी जवळ गेला, पण लागला नाही, कारण या वेळी मुंगीचे तळवे आधी टेकले होते. ती तशीच धापा टाकत थांबली. मग सरपटत गेली आणि तिने आजीचा गुडघा पकडला.

आजीने मान वळवून ताईंकडे पाहिले. "आता घेऊ ना?"

"आता घ्याच," ताई म्हणाल्या.

पुढचे फार लांबवत नाही. मला धरून मुंगी उभी राहिली, माझ्या कडेकडेने चालली, आणि दीड वर्षाची झाल्यावर मला सोडून चालली. आता ती सहा वर्षांची आहे आणि जिना उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या उडी मारूनच उतरते. मध्यंतरी माझी शिवण उसवली. घरच्यांना वाटले, आता हा टाकून द्यावा. आजीने चष्मा लावला, मला नवे कापड शिवले आणि स्वतः व्यायामताईंच्या दवाखान्यात नेऊन दिले. आता रोज चार-पाच बाळे माझ्यावर पालथी पडतात. बहुतेक रडतात. त्याचे मला काही वाटत नाही.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू उसवली तर आधी सुईदोरा शोधा, कचऱ्याचा डबा नंतर. आणि तुमच्याकडे लहान भावंड असेल, तर मोठ्यांना सांगा, त्याला रोज थोडा वेळ खाली ठेवा. एकटे मात्र टाकू नका. तुम्हीही खाली बसा, हाताच्या अंतरावर, आणि त्याला हाक मारा. पोहोचायला त्याला वेळ लागेल. तेवढा वेळ त्याला द्या.