किटलीचं पाणी

बेरिल हार्टलीला बर्फ पडलेला मनापासून आवडायचा. पण बोलायची सोय नव्हती. थॉर्नक्लफसारख्या चढावरच्या गावात बर्फ पडला की बस बंद, शाळा बंद, दुकानातला पाव नि दूध बघता बघता साफ, आणि म्हाताऱ्यांची हाडं पणाला. अशा गावात सत्तरी उलटलेल्या बाईनं ‘मला बाई बर्फ आवडतो’ म्हटलं असतं तर लोकांनी तिला डॉक्टरकडे नेलं असतं. म्हणून तीही चारचौघींसारखी कपाळाला आठ्या घालून म्हणायची, “आला मेला पुन्हा!” आणि घरात शिरून हळूच दोन कप काढून ठेवायची.

दुसरा कप विल्फचा. विल्फ समोरच्या ओळीत राहायचा. सगळा जन्म त्यानं याच डोंगरातल्या रस्त्यांवर बस चालवली होती, आणि बायको गेल्यापासून एकटाच होता. एरवी तो बेरिलला फाटकावरून ‘बरं आहे ना?’ एवढंच विचारून पुढं जायचा. पण बर्फ पडला की गडी फावडं घेऊन हजर. घसरू नये म्हणून बुटांवरून जाड लोकरी मोजे चढवलेले. तिच्या पायऱ्या मोकळ्या करायचा, बर्फ पुन्हा धरू नये म्हणून कोपऱ्यावरच्या पिवळ्या पेटीतलं खडेमीठ आणून टाकायचा, आत येऊन चहा प्यायचा, आणि मग म्हणायचा, “चल, दुकानात जाऊन येऊ. धर हात.”

त्या हातासाठी बेरिल वर्षभर थांबायची. दुकानापर्यंतचा उतार तो काय, पण बर्फात पाऊल जपून टाकावं लागतं, त्यामुळे बराच वेळ पुरायचा. तिचा हात त्याच्या कोपरात. पडद्याआडून बघणारी गल्ली. बघू देत की, मेले! नवरा गेल्यापासून बेरिलच्या आयुष्यात चोरून जपावं असं एवढं एकच सुख होतं, आणि तेही पावसाळी हिवाळा आला तर त्या वर्षी नाहीच.

आणि यंदा वरच्या अंगाच्या घरात ती रोझलिंड राहायला आली.

दक्षिणेच्या समुद्रकाठची बाई. तीही विधवा, वयानं बेरिलएवढीच, पण ओठांना रंग, पायांत पांढरे केसाळ बूट, आणि तोंडात साखर घोळवत बोलणं. दुसऱ्याच दिवशी बेरिलला अगं-तुगं. “अगं बेरिल, तुमच्याकडे थंडी किती गं पडते!” जशी काही थंडी बेरिलनंच मागवली होती. बेरिल तेव्हाच मनात म्हणाली, हिच्यापासून जपून राहायला हवं. पण कशापासून जपायचं ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

ते जानेवारीत कळलं. सकाळी पडदा सारला तर गल्ली पांढरीशुभ्र. बेरिलनं निळा स्वेटर काढला, केसांवरून कंगवा फिरवला, दोन कप मांडले. समोरचं दार उघडलं. विल्फ बाहेर आला, फावडं खांद्यावर, मोजे बुटांवर. रस्ता ओलांडला. आणि सरळ वरच्या फाटकातून आत गेला.

बेरिलला वाटलं, चुकला असेल. वय झालंय. पण फावड्याचा खरखर आवाज सुरू झाला, मागोमाग रोझलिंडचं हसू. तिच्या पायऱ्या पाच, तेवढ्या साफ करायला असा किती वेळ लागतो? चहाचं भांडं गार झालं. बेरिलनं दुसऱ्यांदा चहा केला, तोही गार झाला. शेवटी विल्फ आला तो ओठांवरचे केकचे कण पुसत.

“तिला बिचारीला काही म्हणजे काही माहीत नाही गं,” तो पायऱ्यांवर भराभर फावडं मारत म्हणाला. “बर्फ बघितलाच नाही म्हणे कधी असा. फावडं उलटं धरून उभी होती!”

“अरेरे,” बेरिल म्हणाली. “आणि केक मात्र सुलटा भाजता येतो वाटतं.”

“झकास होता! आल्याचा.” टोमणा त्याच्या टोपीवरून गेला. “चहा नको आता, तिकडे दोन झाले. चल, दुकानात जायचंय ना? तीही येतेय.”

तीही येतेय! मग काय, निघाली वरात. मधे विल्फ, डाव्या हाताला बेरिल, उजव्या हाताला रोझलिंड. रोझलिंड पावलोपावली ‘आई गं!’ करून किंचाळायची आणि त्याला बिलगायची, तो तिकडे झुकायचा, आणि इकडे बेरिल गटाराकडे ढकलली जायची. जन्म या उतारावर गेला हो तिचा, ती कशी किंचाळणार? तिच्या मनात आलं, आपणही घसरावं एकदा. पण लाज आडवी आली. दुकानात पाव एकच उरला होता. विल्फनं तो उचलून रोझलिंडच्या पिशवीत टाकला. “बेरिलचं काय, ती घरी भाजेल. आमची बेरिल पक्की आहे.”

पक्की! त्या एका शब्दानं बेरिलच्या अंगाचा तिळपापड झाला. पक्क्या बाईला हात लागत नाही, पाव लागत नाही, कौतुक लागत नाही. घरी येऊन तिनं तो दुसरा कप फडताळात आत, पार मागे ढकलला. ना लग्न, ना साखरपुडा, आणि सवतीमत्सर मात्र सव्वाशेर! तिला स्वतःचीच चीड आली, पण म्हणून जळायचं थोडंच थांबतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ निरभ्र आणि थंडी कडाक्याची. आदल्या दुपारी जरा वितळलेलं सगळं रात्रीत पुन्हा थिजलं होतं. मीठ टाकणारी गाडी मोठ्या रस्त्यानं गेली, पण या चढावर ती कधी येत नाही. बेरिल खिडकीशी उभी होती. तेवढ्यात वरचं दार उघडलं आणि रोझलिंड बाहेर आली. अंगात गुलाबी गाउन, वर कोट, हातात किटली. किटलीतून वाफा निघत होत्या.

आता, उकळतं पाणी बर्फावर ओतायचं नाही, हे थॉर्नक्लफमधलं शेंबडं पोरही सांगेल. बर्फ वितळतो खरा, पायरी छान काळी, धुतल्यासारखी दिसते, आणि घटकाभरात त्या पाण्याचीच काच होते. आधीच्या बर्फावर निदान पाय रोवता येतो, यावर माशीही ठरायची नाही. पण या देशात काहीही बिनसलं की माणूस आधी किटली चढवतो. कुणी मेलं, किटली. पोरीचा संसार मोडला, किटली. दार गोठलं, मग तिथंही किटलीच! रोझलिंडनं पहिल्या पायरीवर धार धरली.

बेरिलचा हात काचेवर टकटक करायला वर गेला. तेवढ्यात रोझलिंडनं मान वर केली, तिला बघून हसली, किटली उंच धरली आणि ओरडली. काचेतून शब्द नीट कळले नाहीत, पण ओठ वाचता येत होते. “बघ गं, कसं झटकन वितळतंय!”

एक शब्द पुरला असता. खिडकी उघडून नुसतं ‘मीठ!’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. बेरिलच्या डोळ्यांपुढे ते पांढरे केसाळ बूट आले, तो पाव आला, ते ओठांवरचे केकचे कण आले.

तिनं हात हलवला. हसलीसुद्धा.

रोझलिंड खूश होऊन आत गेली, दुसरी किटली घेऊन आली, मग तिसरी. पाचही पायऱ्या न्हाऊन निघाल्या. बेरिल चहा घेऊन खुर्चीत बसली. तिचं काही वाईट चिंतत नव्हती हं ती! हाडबीड मोडावं असं मुळीच नाही. नुसती धपकन बसावी, गाउन ओला व्हावा, जरा नक्षा उतरावा. बस्स. पण चहा काही गोड लागेना. जाऊ दे, सांगून टाकू, कप संपला की सांगू, असं म्हणत तिनं अर्धा कप पुरवून पुरवून प्यायला. जळणारं माणूस एरवी आळशी नसतं, पण चांगलं करायची वेळ आली की त्याला पाय फुटत नाहीत.

आणि शीळ ऐकू आली. विल्फची. तो रस्ता ओलांडत होता, खांद्यावर मिठाची पिशवी.

‘माझ्याकडे ये,’ बेरिल मनात म्हणाली. ‘आज तरी आधी माझ्याकडे ये.’

तो वरच्या फाटकाकडे वळला. क्षणभर, फक्त क्षणभर, बेरिलला वाटलं, जा, जा तिकडेच! आणि मग तिचं काळीज धसकलं. कप टाकून ती खिडकीकडे धावली आणि दोन्ही मुठींनी काच बडवू लागली. “विल्फ! पायरी! अरे पायरी!”

विल्फनं वळून पाहिलं. तिला बघून त्याचा चेहरा फुलला. त्यानं हात वर केला, आणि तिच्याकडे बघत बघतच त्याचा पाय पहिल्या पायरीवर पडला.

बेरिल बाहेर आली तेव्हा तो फाटकाशी आडवा होता. एक पाय विचित्र वळलेला, तोंड पिठासारखं. मीठ सगळीकडे सांडलं होतं. रोझलिंड कठड्याला धरून खाली उतरून बर्फात गुडघे टेकून बसली होती, त्याचं डोकं तिच्या मांडीवर. रुग्णवाहिकेला फोन झाला होता. चढावर गाडी चढणार नाही, वेळ लागेल, त्याला ऊब द्या, असं उत्तर मिळालं होतं. बेरिलनं घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या रजया आणून त्याच्यावर घातल्या. आणि तशातही तिची नजर कुठं जात होती? त्याच्या केसांतून फिरणाऱ्या रोझलिंडच्या बोटांवर.

“माझ्यामुळं झालं,” रोझलिंड हुंदके देत होती. “मी पाणी ओतलं. उकळतं. मला वाटलं, बर्फ जाईल. मला कुणी सांगितलंच नाही...”

“रडू नकोस गं,” विल्फ दात आवळून म्हणाला. “तुला कुठून ठाऊक असणार? बेरिलनं पाहिलं असतं ना, तर तिनं सांगितलं असतं. आमच्या बेरिलला सगळं कळतं. हो की नाही गं?”

गल्ली गोळा झाली होती. दोन-चार जणांनी बेरिलकडे पाहिलं.

“पडदे...” ती म्हणाली. “माझे पडदे ओढलेले होते. मी आत्ताच उठले.”

रोझलिंडचं रडणं थांबलं. तिनं मान वर करून बेरिलकडे पाहिलं. ओठांना आज रंग नव्हता, आणि म्हातारी दिसत होती ती, बेरिलएवढीच म्हातारी. बेरिलनं मनाची तयारी केली. आता बोलणार. म्हणणार, हात हलवलास की गं माझ्याकडे बघून, हसलीस की! आणि म्हणू दे. एकदाचं होऊन जाऊ दे.

“हो,” रोझलिंड म्हणाली. “ओढलेलेच होते. मी पाहिलं ना.”

एवढं बोलून तिनं मान खाली घातली आणि रजई विल्फच्या गळ्याशी नीट खोचली.

वरच्या कुरणावरचा मेंढ्यावाला आपली लँड रोव्हर घेऊन आला, तिला डोंगरात काही अडत नाही. मागं गवत पसरून चौघांनी विल्फला फळीवर घालून चढवलं. “आत एकालाच बसता येईल,” मेंढ्यावाला म्हणाला. रोझलिंड उठायला लागली. बेरिल फाटकाला धरून उभी होती.

“बेरिल,” विल्फनं हाक मारली. “तू चल. मला तू हवीस. धर हात.”

किती वर्षं वाट पाहिली होती तिनं या वाक्याची! सगळ्या गल्लीदेखत, त्या बाईदेखत! बेरिल आत चढली, गवतावर बसली, त्याचा गार पडलेला हात तिनं हातात घेतला. त्यानं तो घट्ट आवळला. तिला तो धरवेना आणि सोडवेना.

“तू काच बडवलीस ना,” तो डोळे मिटून पुटपुटला, “मला वाटलं, चहाला बोलावतेयस. म्हटलं, चला, राग गेला बाईचा. काल रागावली होतीस ना गं?”

“गप्प पड जरा,” बेरिल म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

अरुंद गल्लीत गाडी वळवून निघेपर्यंत बराच वेळ गेला. मागच्या काचेतून वरचं फाटक दिसत होतं. माणसं आपापल्या घरी पांगली होती. रोझलिंड एकटीच उरली होती. गुलाबी गाउनचा काठ बर्फात, आणि ती सांडलेलं मीठ मुठीमुठीनं गोळा करत होती. स्वतःच्या पायऱ्या सोडून ती खाली आली आणि बेरिलच्या पायऱ्यांवर ते पसरायला लागली. एकेक पायरी, कोपऱ्यापर्यंत.

बेरिल बघत राहिली. विल्फचा हात तिच्या हातात होता. त्या बाईकडे आता हेवा करावा असं काही उरलं नव्हतं, असं वाटत होतं. आणि तरीही बेरिल पुन्हा जळली, कालच्यापेक्षा जोरानं. मेली चांगलीसुद्धा आहे!