ज्याचा डाव, त्याचं आधी

महेंद्रने ‘वणवा’चं कार्ड टेबलावर ठेवलं आणि दोन्ही बाजूंची उरलेली कार्डं एकदम पडली. त्याचा ‘विंचू’ आणि समोरची ‘सुईण’. विंचू पडता पडता समोरच्याचा एक प्राण घेतो; सुईण जाता जाता मालकाला एक प्राण देऊन जाते. समोर बसलेल्या लंकाबाईंकडे एकच प्राण उरला होता. महेंद्रकडेही एकच.

श्रीरामपूरच्या वाचनालयाच्या माडीवर पंचवीसेक जण खुर्च्या सरकवून भोवती गोळा झाले. इथे जिंकणारा पुण्याला राज्य स्पर्धेत जाणार होता.

“आधी कोणाचं?” पंच म्हणून पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या प्रज्ञा मॅडम मोबाईलवर नियम शोधू लागल्या. त्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत. रेंज येईना.

“दोन कार्डांच्या क्षमता एकदम जाग्या झाल्या, तर ज्याचा डाव असेल त्याची आधी,” महेंद्र म्हणाला. “डाव माझा आहे.”

कोर्टात बोलावं तसं त्याने ते बोलून टाकलं. शंका कोण घेणार? इंग्रजी नियमांचं मराठी त्यानेच केलं होतं, झेरॉक्स काढून गावात वाटलं होतं.

“मग विंचू आधी,” मॅडम म्हणाल्या. “मावशी, तुमचा प्राण गेला.”

टाळ्या वाजल्या. लंकाबाईंनी मान हलवली. बेलापूर रोडला त्यांचं पिको-फॉलचं दुकान होतं. लेक पूजा नर्सिंगला नाशिकला गेली, तिच्याशी व्हिडिओ कॉलवर खेळता खेळता त्या हा खेळ शिकल्या होत्या. त्यांनी एकेक कार्ड उचलून कडा जुळवायला सुरुवात केली. ब्लाऊजच्या कापडाची घडी घालावी, तशी.

मॅडम प्रमाणपत्रावर नाव लिहायला वाकल्या. ‘म’ लिहून झाला. महेंद्रने घड्याळाचा पट्टा सोडला, पुन्हा लावला.

“मॅडम, थांबा.”

पेन थांबलं.

“ज्याचा डाव, त्याची क्षमता आधी रचायची,” तो म्हणाला. “दुसऱ्याची तिच्यावर. आणि उघडताना वरची आधी उघडायची.”

“म्हणजे सुईण आधी?”

“हो. मावशींचे दोन प्राण झाले. मग विंचू चावला. एक उरला.” त्याने खाली पाहिलं. “त्या हरलेल्या नाहीत. आता डाव त्यांचा.”

कोणीतरी शिट्टी मारली. लंकाबाईंनी जुळवलेली कार्डं पुन्हा मांडली, गड्डीतून एक ओढलं. साधा भालदार, लहान मुलंसुद्धा ज्याला हसतात, तो. पण महेंद्रच्या बाजूला अडवायला काहीच नव्हतं. भालदार सरळ गेला, महेंद्रचा उरलेला प्राण संपला.

महेंद्रने हात पुढे केला. हरल्याचं वाईट वाटलंच. पण मघापासूनचं ओझंही उतरलं. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

मॅडमनी ‘म’ लिहिलेलं प्रमाणपत्र बाजूला ठेवून नवं घेतलं. माडी रिकामी होऊ लागली. लंकाबाई पिशवी भरत होत्या, तेवढ्यात त्यांची नियमांची झेरॉक्स खाली पडली. महेंद्रने ती उचलली. पानं हाताळून मऊ झाली होती. उघडलं ते पान नेमकं तेच. ‘वरची आधी उघडावी’ या शब्दांखाली कापडावर आखायच्या निळ्या खडूची रेघ होती, एक सोडून दोन.

तो रेघांकडे बघतच राहिला.

“मावशी, तुम्हाला माहीत होतं?”

“व्हय.”

“मग बोलला का नाहीत? पुणं गेलं असतं ना हातचं!”

लंकाबाईंनी कागद घेऊन पिशवीत सरकवला.

“तुमचं वाक्य अर्धंच झालं हुतं, वकीलसाहेब. म्हटलं, पुरं करतील.”

महेंद्र हसायला लागला, खांदे हलेपर्यंत. तेवढ्यात लंकाबाईंचा फोन वाजला.

“व्हय गं पूजा, जिंकले! न्हाई, सोपं कुठलं? वकीलसाहेबांनी लई दमवलं बघ.”