लाकोतचं अंडं

अंडं एकच उरलं होतं, आणि तेही चार दिवसांचं. अनेनाच्या कोंबडीनं संपच पुकारलेला! पण अनेना ते कुणाला देईना, कारण ते लाकोतचं होतं ना, तिच्या थोरल्या बहिणीचं.

आमच्याकडे कसंय, फार दिवसांनी परतलेलं माणूस दारातलं कच्चं अंडं पायानं फोडूनच घरात शिरतं. त्यात बंडखोरांनी पळवून नेलेलं असलं तर बघायलाच नको. म्हणून गाव सोडून आलेल्यांच्या छावणीत, अनेनाच्या झोपडीच्या दाराशी तीन वर्षं एक अंडं कायम तयार. शिळं व्हायला आलं की अनेना ते उकडून खायची आणि ताजं ठेवायची.

शेजारची आबालो म्हातारी खदाखदा हसायची, "अंडी बहिणीच्या नावाची, आणि गाल वर येतायत तुझे!"

"येऊ देत. ओळखेल तरी मला लांबून."

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी बंडखोर तिळाच्या शेतातून गावात घुसले, तेव्हा दोघी बहिणी धान्याच्या कणगीकडे पळाल्या. आत एकीपुरतीच जागा. लाकोतनं धाकटीला आत ढकललं, वरून झाकण लावलं, आणि बस्स! पुढचं अनेनानं नुसतं ऐकलं. बाहेर आली तेव्हा गाव जळत होतं आणि लाकोत कुठेच नव्हती.

तर ते अंडं चार दिवसांचं झालं, त्या दिवशी बंडखोरांकडून सुटून आलेल्यांचा ट्रक छावणीत आला. अनेना अंडं घेऊन पळत सुटली. एक पोरगी उतरली, पाठीशी बाळ, चाल अगदी लाकोतसारखी! पोरीनं तोंड वळवलं.

लायेत होती ती. त्यांच्याच गावची. तिच्या घरातलं त्या दुपारी बाकी कुणीच वाचलं नव्हतं.

बाकी सगळ्यांची माणसं येऊन त्यांना घेऊन गेली. लायेत तिथेच उभी. जाणार कुठल्या दारात?

अनेनानं अंडं छातीशी धरलं. हे दिलं आणि लाकोत आजच आली तर?

"काय गं, उबवतेयस की काय?" मागून आबालो म्हणाली. मग हळूच, "लाकोत आली तर मी अख्खी छावणी पालथी घालीन अंड्यासाठी. चल."

अनेना लायेतला आपल्या दाराशी घेऊन आली. अंडं खाली ठेवलं.

लायेत मागे सरली. "लाकोतसाठी ठेवलंयस ना?"

"पाय टाक गं मुकाट्यानं."

कच्चकन आवाज झाला. बाळ दचकून रडायला लागलं.

आत भाकरी पुढे ठेवल्यावर अनेनानं विचारलंच, "दिसली होती?"

"गेल्या वर्षी. नदीपलीकडच्या टोळीत होती, जिवंत, आपल्या पायांनी चालत होती. सारखं एकच विचारायची, झाकण जड होतं, माझी अनेना आत गुदमरली तर नसेल ना?"

अनेना उठली, टोपलीपाशी गेली, कोंबडीखाली हात घातला. कोंबडीनं टोचलं. खाली नुसतं ऊबदार गवत.

"उद्या तरी घाल गं बाई," ती म्हणाली, आणि हात तिथेच ठेवून बसली.