खादाड आणि चिमणं

पाचवा महिना, पोटात जुळी, आणि त्यातलं एक माझ्याच पोटात उपाशी मरत होतं. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून सांगितलं, "दोघांत मिळून वार, म्हणजे प्लासेंटा, एकच आहे. तिच्यावरच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या गेल्यात. एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जातंय." मी लगेच नावं ठेवून मोकळी झाले. मोठं ते खादाड, बारकं ते चिमणं. आठवडाभर खादाडाला उठता-बसता शिव्या घातल्या. "भावंडाच्या तोंडचा घास काढतोस? लाज कशी वाटत नाही मेल्या!"

माझा नवरा प्लंबर. ऑपरेशन ठरलं तेव्हा तो डॉक्टरीणबाईंनाच म्हणाला, "जोड बंद करायचे ना? मग सगळे करा. एक बारीक जरी राहिला ना, तर पाणी तिथूनच वाट काढतं."

मी कपाळावर हात मारला. कुणाला शिकवतोय हा! पण बाई हसल्या नाहीत. "म्हणूनच सगळे जोड जाळले की शेवटी त्यांच्यावरून लेसरची एक सलग रेघ ओढते," म्हणाल्या.

ऑपरेशन दुर्बिणीचं. भोक पेनाच्या रिफिलीएवढं, भूल तेवढ्याच जागेला. मी टक्क जागी. पडद्यावर लाल वाहिन्यांचं जाळं दिसलं, मग एक इवलासा हात.

"हा कुणाचा?"

"मोठ्याचा."

"बघा, पसरलाच हात! खादाड कुठलं!"

बाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही. "अहो, ते खात नाहीये. त्याच्यावर ओतलं जातंय. झेपत नाही त्याला, हृदय थकलंय. दोघांतलं आधी कोण जाईल, सांगता येत नाही."

बुडणाऱ्या पोरालाच मी आठवडाभर झोडपत होते. डोळे भरून आले.

"हलू नका. रडायचं ते नंतर," बाई म्हणाल्या.

मी ओठ दाबून पडून राहिले. त्यांनी एकेक जोड जाळला, रेघ ओढली, मोठ्याभोवती साठलेलं पाणी काढलं. दोन बाटल्या भरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सोनोग्राफी. दोघांचेही ठोके चालू होते. चिमण्याच्या पोटात एक काळा ठिपका दिसत होता.

"ही त्याची लघवीची पिशवी. इतके दिवस रिकामी होती, आज भरलीय."

"म्हणजे लाइन चालू झाली!" नवरा ओरडला. कुणाच्या लघवीचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

"आणि मोठं?" मी विचारलं.

"कालच्यापेक्षा बरं आहे. लक्ष ठेवू."

मी त्या बाजूला हात ठेवला. "चुकलं रे बाळा माझं."

आतून लाथ बसली. म्हटलं, मार. हक्कच आहे तुझा.