पाण्यातले देव

त्या दिवशी गेनबा कोथरूडात मेथी विकत बसला होता. एका सोसायटीच्या कमानीपाशी त्याची रोजची जागा. एक बाई जुडी उलटीपालटी करून म्हणाल्या, "अहो, मुळं धुवून तरी आणत जा. आम्ही काय माती विकत घ्यायची?"

"माती तुमीच घेताय की बाई आता," गेनबा म्हणाला. "आमच्याकडं मेथीच राहिलीय."

बाईंनी हसावं की रागवावं हे ठरवायच्या आत युसूफची रिक्षा समोर येऊन थांबली. युसूफही गेनबासारखा वारज्याचाच. वस्तीवरची भाजी तोच नेत-आणत असे. आज त्याचा सदरा घामानं चिंब झाला होता आणि हाताला गंज लागला होता.

"गेनबाभाऊ, बसा."

"निम्मी पाटी हाय अजून."

"पाटी राहू द्या. बसा म्हणतो ना."

युसूफनं रिक्षा कर्वेनगरच्या उताराला घातली. मग समोर बघतच म्हणाला, "वहिनींना पान लागलं. म्हशीला घास कापताना. नाग होता."

"दवाखान्यात कुठल्या नेलीय?"

"रिक्षा फाटकापर्यंत आणली होती मी, भाऊ. फाटकाला कुलूप होतं."

गेनबाला पुढं काही विचारायचं उरलं नव्हतं.

फाटकाचं असं होतं. गेनबाच्या वस्तीवरून सडकेला जायची वाट त्याच्या चुलतभावाच्या, सुखदेवच्या, रानातून जात होती. आज्याच्या वेळची वाट. बायपास झाला, हिंजवडीला कंपन्या आल्या, आणि सुखदेवनं रान एका बिल्डरला दिलं. बिल्डरनं भिंत घातली, वाटेवर लोखंडी फाटक बसवलं. "दादा, दिवसभर उघडं ऱ्हाईल, माझा शबूद," सुखदेव म्हणाला होता. पुढं फ्लॅटवाल्यांना म्हशीच्या शेणाचा त्रास व्हायला लागला आणि फाटकाला कुलूप आलं. वाळू-खडीचा ठेका सुखदेवचाच, म्हणून किल्ली त्याच्याकडं. वस्तीवरच्यांनी ओढ्यातून वळसा घालून जायचं.

त्या दुपारी सुखदेव बिल्डरच्या गाडीतून खडकवासल्याला मटण खायला गेला होता. किल्ली त्याच्या खिशात. इकडं गेनबाची बायको शालन बाजेवर, पलीकडं युसूफची रिक्षा, मधे फाटक. रामदास वॉचमननं दगडानं कुलूप ठेचलं, युसूफनं पहारीनं पिळलं. कुलूप निघायच्या आत शालन गेली. फाटकाच्या गजातून हात घालून युसूफनं तिची नाडी बघितली होती.

सरण पेटल्यावर सुखदेव जवळ आला. मान खाली घालून म्हणाला, "दादा, किल्ली खिशात ऱ्हायली."

"खिसा जळला न्हाई व्हय रं तुजा?" गेनबा म्हणाला. बस. तेवढंच.

सुतक दोन्ही घरांना होतं, भाऊबंदच ते. देवाला कुणी शिवलं नाही. तेरावं झाल्यावर गेनबानं देवघराचा पडदा सारला तर देव्हारा रिकामा. खाली तांब्याच्या पातेल्यात पाणी, आणि पाण्याच्या तळाशी सगळे टाक. खंडोबा, भैरवनाथ, भवानी, वीर. पाण्यावर माशा मरून पडल्या होत्या.

शालननं देव पाण्यात घातले होते. बाईमाणूस अडलं की असं करतं. मागणं पुरं होईपर्यंत देवानं पाण्यात राहायचं. आपण तळमळतोय तसं त्यानंही तळमळावं. शालनचा देवावर फार भरवसा. गेनबा चिडवायचा, "देव काय तुजा मावसभाऊ हाय?" तर म्हणायची, "मावसभाऊ इसरंल. देव माय हाय. माय उशीर करंल, पर लेकराला उपाशी निजवायची न्हाई."

तिनं काय मागितलं असेल हे गेनबाला सांगायला कुणी लागत नव्हतं. वाट मागितली असणार. दुसरं काय दुखणं होतं त्या घराला? आणि जिनं वाट मागितली तीच वाटेवर मेली.

त्यानं पातेल्यातलं पाणी बदललं. देव बाहेर काढले नाहीत.

"तिचं ऐकलं न्हाईसा," तो म्हणाला. "आता माझं ऐका. सुखदेवच्या घरातनं रडणं ऐकू आलं पायजे. तवर तुमी हितंच. हळद न्हाई, फूल न्हाई, निवद न्हाई."

तेव्हापासून रोज सकाळी म्हशीची धार काढली की तो पाणी बदलायचा आणि शिव्याशाप द्यायचा. ज्या हातानं कुलूप घातलं तो हात झडू दे. ज्या तोंडानं मटण खाल्लं त्या तोंडात किडे पडू दे. रामदास एकदा ताक मागायला आला होता. तो दारातच थबकला.

"गेनबा, अरं देवाशी बोलतोयस का कोर्टात उभा हायेस?"

"कोर्टात तारीख तरी मिळती," गेनबा म्हणाला.

पावसाळ्यात सुखदेव मोटारसायकलवरून पडला, पाय मोडला. युसूफनं बातमी आणली. गेनबानं म्हशीला गुळाचा खडा चारला, देवांना काही दिलं नाही. "पाय नव्हता मागितला मी," तो पातेल्यात बघून म्हणाला. "रडणं मागितलंय. नीट ऐकत जावा."

सुखदेव कुबडी घेऊन हिंडायला लागला. फाटकाला नवं, थोरलं कुलूप बसलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. माणसं म्हणायची, दिवस गेले की राग निवतो. गेनबाचा निवला नाही. तो उन्हात वाळवलेल्या मिरचीसारखा जास्तच तिखट झाला.

शालनला जाऊन वर्ष झालं, आणि सुखदेवच्या शर्मिलाचं लग्न ठरल्याचं कळलं. शर्मिला म्हणजे सुखदेवची एकुलती एक. कंपनीत कंप्युटरवर काम करायची, गाडी न्यायला यायची. शालनला पोरबाळ नव्हतं. शर्मिला लहानपणी तिच्याच मांडीवर वाढलेली. तिला "थोरली आई" म्हणायची.

लग्न ठरलं आणि गेनबाला कळलं की आपल्या हातात काय आहे. वाटण्या झाल्या तेव्हा आज्यानं रान दोघांना दिलं, पण देव एकाच घरात ठेवले, थोरल्या. धाकल्या घरात लग्न निघालं की थोरल्या घरचे देव न्यायचे, त्यांच्यापुढं गोंधळ घालायचा. त्याशिवाय हळद लागत नाही. आजवर कुणाची लागली नव्हती.

"कशी लावतो हळद तेच बघतो," गेनबा देवांना म्हणाला. त्या दिवशी वर्षात पहिल्यांदा तो पोटभर जेवला.

कांताबाई आली ती एकटीच. सुखदेवची बायको. डोक्यावर पदर, हातात नारळ. वर्षभर गेनबानं तिला दारात उभं केलं नव्हतं. आज उभं केलं, कारण नाही म्हणायची चव घ्यायची होती.

"भावजी, देव न्यायला आलेय."

"देव कामात हायेत."

"असं काय बोलताय?"

"पाण्यात बसल्यात. तुज्या घरातनं रडणं ऐकू आलं की निघतील. पोरीची वरात माघारी गेली की येईलच आता ऐकू."

कांताबाईनं नारळ उंबऱ्यावर ठेवला. वाकून आत बघितलं. पातेलं बघितलं आणि तिथंच मटकन खाली बसली.

"अजून पाण्यातच हायेत? आक्कानं घातलेले?"

"तुला काय ठावं तिनं घातलेले?"

"म्या पाणी वतलं भावजी. तिनं टाक सोडले, म्या पाणी वतलं. दोघी होतो आमी."

"खोटं बोलू नगंस. वाटंसाठी घातले तिनं. तू कशाला पाणी वतशील?"

"वाटंसाठी न्हाई!" कांताबाई मोठ्यानं म्हणाली. मग आवाज खाली आला. "शर्मीसाठी. पोरीच्या पाठीवर, दंडावर कोड उठलंय. दोन ठिकाणनं बघून गेले, दोघांनी न्हाई सांगितलं. पोर जेवंना. आक्काच्या कानावर आलं, तशी तिनं देव काढले. म्या म्हणले, आक्का, आधी तुज्या वाटंचं माग, आमच्या धन्यानं तुमची वाट बंद केली अन् आमच्या पोरीचं काय मागतीस. तर म्हणाली..."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, वाट माणसाकडं मागायची असती, कांता. ती माणसानं द्यायची. पोरीचे डाग बघून बी जो हात धरंल, असा माणूस देवाकडंच मागावा लागतो. तेवढं तो देतो."

बाहेर म्हैस दावं ओढत होती.

"मग सांगितलं का न्हाईस वर्षभर?"

"कुठल्या तोंडानं सांगू? तिनं माझ्या पोरीसाठी हात जोडले अन् माझ्या धन्याच्या खिशात किल्ली ऱ्हायली." ती डोळे पुसून म्हणाली, "पोरगा चांगला हाय. तिच्याच कंपनीतला. शर्मीनं पदर बाजूला करून डाग दावले त्येला, आपल्या हातानं. तर म्हणला, मला ठाऊक आहे की, ऑफिसात काय मी डोळे मिटून बसतो? आक्काचं मागणं पुरं झालं, भावजी. देव आता पाण्यात ठिवू नका. माझ्यासाठी न्हाई म्हणत. त्यांनी त्यांचं काम केलंय."

ती नारळ तिथंच ठेवून गेली.

गेनबा पातेल्यापाशी बसला. त्याला राग आला, पण कुणावर ते आधी कळेना. वर्षभर त्यानं देवांना शिव्या घातल्या होत्या की तिचं ऐकलं नाही. त्यांनी तर ऐकलं होतं. आणि तो रोज पाणी बदलून त्याच देवांकडं त्याच पोरीच्या घरचं रडणं मागत होता. एका पातेल्यात दोघा नवरा-बायकोची मागणी, एकीची इकडं ओढणारी, एकाची तिकडं. देवांनी तिची धरली. शालनशी भांडून तो जन्मात कधी जिंकला नव्हता. मेल्यावरही तिनं जिंकू दिलं नाही.

त्यानं टाक एक एक बाहेर काढला. चिंचेनं घासला. बायकोच्या पातळानं पुसला. खंडोबाला हळद लावली. "तुमचा दोष न्हवता," तो म्हणाला. "वाट माणसानं द्यायची होती."

मग त्यानं युसूफबरोबर निरोप धाडला. देव न्यायचे तर सुखदेवनं स्वतः यायचं. आणि देव ओढ्यातून जाणार नाहीत. आज्याच्या वाटेनं जातील.

दुसऱ्या दिवशी संबळ वाजवत भाऊबंद आले, त्यांच्यात सुखदेवही. गेनबा डोक्यावर ताम्हन घेऊन पुढं चालला. फाटकापाशी मिरवणूक थांबली. पलीकडं रामदास उभा होता, त्याच्यामागं फ्लॅटची माणसं, एक तरुण साहेब सारखं विचारत होता, "काय प्रोसेशन आहे? इथून अलाउड नाहीये."

"देव हायेत," रामदास म्हणाला. "त्यांना अलाउड इचारायला तुमीच या फुडं."

सुखदेव कुबडी टेकत पुढं आला. सगळ्यांच्या देखत त्यानं खिशातून किल्ली काढली. एका काखेत कुबडी, किल्ली भोकात बसेना. कुणी मदत केली नाही. गेनबा ताम्हन धरून त्याच जागी उभा होता जिथं बाज ठेवली होती, आणि बघत होता. शेवटी कुलूप निघालं.

"किल्ली फेक ओढ्यात," गेनबा म्हणाला.

"दादा, बिल्डर माझा ठेका..."

"फेक. न्हाईतर देव माघारी."

सुखदेवनं किल्ली फेकली. मग कुबडी टाकून तो गेनबाच्या पायावर पडायला वाकला, आणि त्याच्या घशातून रडण्याचा आवाज निघाला. वर्षभर मागितलेला आवाज. गेनबाला वाटलं होतं हा ऐकला की पोटात गार पडेल. तसं काही झालं नाही. त्यानं पाय मागं घेतला.

"देवाच्या पड," तो म्हणाला. "ते दयाळू हायेत."

गोंधळ झाला, हळद लागली. शर्मिला गेनबाच्या पाया पडायला आली तेव्हा दंड उघडेच होते, डागांसकट. त्यानं डोक्यावर हात ठेवून तिला आशीर्वाद दिला, थोरल्या आईच्या नावानं.

वाट आता उघडी आहे. देव देव्हाऱ्यात आहेत. सुखदेवला माफ करायचं राहिलं आहे.