चोरलेली ओळ

क्रोशा विणणारी बाई दुसरीला नमुना लिहून देते तेव्हा त्यातली एक ओळ हमखास चोरते. हे मला कोणी सांगायला नको, मी स्वतः चोरते. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना मागच्या वर्षी टोपीचा नमुना दिला आणि त्यातली घेर वाढवायची ओळ गाळली. टोपी त्यांच्या नातवाच्या डोक्यात शिरेना. शेवटी त्यांनी ती एका बरणीवर चढवली, आणि वरून मीच जाऊन "अरेरे, असं कसं झालं" म्हणून आले. नमुना द्यायचा, पण तो आपल्यासारखा उतरू द्यायचा नाही, असा आमच्यातला न लिहिलेला कायदाच आहे.

म्हणून जाऊबाईंनी स्वेटरचा नमुना न मागता पाठवला, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

जाऊबाई म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. दीर जाऊन बरीच वर्षं झाली. मी लग्न होऊन आले तेव्हा सुई कशी धरायची हे त्यांनीच शिकवलं, माझा हात हातात धरून. पण तीन वर्षांपूर्वी महिला मंडळाच्या प्रदर्शनासाठी त्यांनी मला शालीचा नमुना लिहून दिला, त्यात एक ओळ नव्हती. शालीच्या काठाला अशा लाटा आल्या की बघणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. त्या दिवसापासून मी जाऊबाईंशी बोलणं टाकलं. का टाकलं तेही सांगितलं नाही. ज्याने केलं त्याला कळतंच की.

आता त्या कायमच्या मुलाकडे राहायला निघाल्या होत्या, दुसऱ्या गावी, पंधरा दिवसांनी, रविवारी. घर आवरायला आमचे हे रोज संध्याकाळी जायचे. पहिल्याच दिवशी येताना त्यांनी वहीची सात-आठ पानं आणि राखाडी लोकरीचे गुंडे आणले.

"वहिनीने दिलंय. माझा स्वेटर आता तू करायचास म्हणाली."

यांच्या अंगावरचा स्वेटर जाऊबाईंच्या हातचा. कोपरं झिजली, पण माणूस दुसरा घालायला तयार नाही. मी केलेले दोन कपाटात पडून आहेत. म्हणजे बघा, जाता जाता स्वतःचं हुकमाचं पान मला द्यायला निघाल्या होत्या. एवढं मन मोठं कधीपासून झालं?

"आणि वहिनी विचारत होती, तुझा फोन नंबर तोच आहे ना?"

"माझ्या नंबरचं त्यांना काय करायचंय?"

"मी काय सांगू? मी आपला निरोप्या," असं म्हणून हे चहा शोधायला गेले.

नमुना वाचायला घेतला. अक्षरं ही एवढाली, एका पानावर जेमतेम चार ओळी. मला काय आंधळी समजल्या, असं वाटून डोकंच फिरलं. पाठीचा भाग मात्र स्वच्छ लिहिला होता. शहाण्णव साखळ्या, त्यावर खांबाच्या टाक्यांच्या ओळी, इतकी लांबी झाली की थांब. मी चार दिवसांत पाठ वर नेली. मुंढ्यापाशी, बाही सुरू होते तिथे, आले तर लिहिलेलं, "इथून नेहमीसारखं कमी करत जा."

नेहमीसारखं म्हणजे कोणाच्या नेहमीसारखं? त्यांच्या की माझ्या? किती टाके कमी करायचे, प्रत्येक ओळीत की एकाआड एक? पुढचं पान उलटलं. "गळ्याचं तुला ठाऊक आहेच." मला काय ठाऊक? बाहीच्या पानावर, "मुंढ्यातून बेताने टाके उचल आणि खाली उतर." मीठ घालतोय का आपण, बेताने?

पाठ आकड्यांत लिहिणारी बाई मुंढा, गळा आणि बाही मोघम लिहिते, याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळेल. एक नाही, या खेपेला तीन ओळी चोरल्या होत्या. मी तोंडघशी पडायची, यांनी स्वेटर घालून आरशात बघायचं आणि म्हणायचं, वहिनीच्या हातची सर नाही बुवा. आणि त्या दुसऱ्या गावी बसून ऐकणार.

"अगं, एक फोन करून विचार ना," हे म्हणाले.

"आणि त्यांना हसू देऊ?"

"हसली तर हसली. वहिनीच आहे."

"तुमची वहिनी आहे. माझी जाऊ आहे."

यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ते तसं धरलं की वाद संपला असं ते समजतात.

पुढचा भागही पाठीसारखाच वर नेला, दोनदा अंदाजाने मुंढा कमी केला, दोनदा उसवला. पहिल्यांदा यांचा हात आत जाईना, दुसऱ्यांदा काखेत पिशवी लोंबायला लागली. रोज संध्याकाळी हे जाऊबाईंकडून आले की सांगायचे, "वहिनी विचारत होती, कुठवर आलं?" मी म्हणायचे, "सांगा, छान चाललंय." चौकशी बघा किती. घाव बसला का ते बघणंच चाललं होतं दुसरं काय.

दहाव्या दिवशी मी खुंटीवरून यांचा तो जुना, जाऊबाईंच्या हातचा स्वेटर काढला. लोकर धुऊन धुऊन इतकी बसली होती की वरून टाके मोजता येईनात. मग कात्री घेतली. हे घरात नव्हते. मनगटाची गाठ कापली आणि एकेक ओळ उसवत, मोजत कागदावर लिहीत गेले. मुंढ्याला आधी चार टाके एकदम, मग एका ओळीआड एक, सहा वेळा. गळा सापडला, बाही सापडली. तिन्ही चोऱ्या पकडल्या. संध्याकाळी यांनी खुर्चीवरचा कुरळ्या लोकरीचा ढीग बघितला, त्यातला एक धागा बोटाला गुंडाळला, आणि तो न सोडवताच जेवायला बसले.

शनिवारी स्वेटर पुरा झाला. अगदी तसाच. रविवारी सकाळी तो कागदात गुंडाळून मी स्वतः जाऊबाईंच्या घरी गेले. निरोप द्यायला नव्हे. न विचारता करून दाखवला, हे त्यांच्या तोंडावर सांगायला.

घर रिकामं झालं होतं. पुतण्या आणि आमचे हे खाली गाडीत खोकी चढवत होते. समोरच्या खोलीत एकच खुर्ची उरली होती, तिच्यात जाऊबाई बसल्या होत्या, मांडीवर फोन घेऊन.

"कोण?" त्यांनी विचारलं. मी तीन हातांच्या अंतरावर उभी होते.

"मी."

"धाकटे, तू होय. ये."

मी स्वेटर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बघितलाच नाही. मान खिडकीकडेच ठेवून अंगठ्याने मुंढ्याचे टाके चाचपत गेल्या. मग गळा. मग बाही.

"बरोबर आहे सगळं," त्या म्हणाल्या. "कोणाला विचारलंस?"

"कोणाला नाही. जुना उसवून मोजला."

"जुना उसवलास." त्यांनी मांडीवरचा फोन उचलून हातात घेतला. "मला वाटलं, मुंढ्याशी अडलीस की फोन करशील. नाहीतर गळ्याशी. बाहीशी तरी नक्कीच. म्हणून तर तीन ठिकाणी सोडलं होतं. पंधरा दिवस हा फोन जवळून हलवला नाही मी."

मी एकदम विचारलं, "मग शालीची ओळ?"

"ती नव्हती गं सोडली. तेव्हा वहीतल्या ओळी एकीवर एक चढून दिसायला लागल्या होत्या, त्यात राहून गेली. दिसत नाही हे कोणाला कळू द्यायचं नव्हतं मला. आता मोठं मोठं लिहिते, तेही अंदाजानेच."

"मला सांगायचंत तरी."

"तू विचारलंस कुठे?"

मला माझीच लाज वाटली. तीन वर्षं मी एका दृष्टी मंदावलेल्या बाईवर डूख धरून बसले होते, आणि तिने मोकळे सोडलेले पंधरा दिवस हुशारी दाखवण्यात घालवले होते. खालून पुतण्याने हाक मारली, आई, गाडी भरली.

मी पिशवीतली सुई काढली आणि त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले. उजवी बाही हातात घेतली, मनगटाशी मारलेली गाठ नखाने सोडवली आणि धागा ओढला. शेवटची ओळ सरसर उसवत आली. तो आवाज जाऊबाईंनी ओळखला.

"काय करतेस?"

"बाहीची शेवटची ओळ मला जमली नाही, जाऊबाई."

"आत्ता तर बोट फिरवलं मी. नीट होती."

"नव्हती जमली. कशी करायची असते?"

त्यांनी फोन खिडकीत ठेवला, हात पुढे केला, चाचपत माझी बोटं धरली आणि सुई त्यांत नीट बसवली.

"त्याला म्हणावं, थांब जरा," त्या म्हणाल्या. "हं. आधी साखळ्या घाल."

"किती?" मी विचारलं.