वाकड्या शेंगांचं बी

"इथंही तेच," म्हणत शुभांगीने घेवड्याचं पान खुडून पिशवीत टाकलं. पानावर हिरवे-पिवळे डाग, कडा खाली वळलेल्या. सकाळपासूनचं हे चौथं वावर.

कृषी महाविद्यालयातून विषाणूची पाहणी करायला आलेल्या या मुलीला सिन्नरकडच्या आपल्या गावातली वावरं दाखवायला नवसाबाई हौसेने निघाली होती. आता तिचा पाय उचलेना. चारही वावरांत बी तिनेच दिलेलं होतं.

बी कुठलं, असं शुभांगी प्रत्येकाला विचारी. पहिल्या वावराचा मालक कारभारी म्हणाला, घरचंच. पुढच्या वावरातल्या वत्सलाबाईनेही नवसाबाईकडे न बघता तेच सांगितलं. आपल्याला पाठीशी घालताहेत हे नवसाबाईने ओळखलं.

बांधावर टेकल्यावर तिने हळूच विचारलं, "ताई, हा रोग माव्यानंच येतो ना?"

"मावा कीड पसरवते, मावशी. पण रोग येतो बियातूनसुद्धा. रोगट झाडाच्या शेंगा वाकड्या होतात, पण बी दिसायला चांगलं असतं, उगवतंही."

नवसाबाईला आपल्या घरच्या शेंगा आठवल्या. सरळ, कोवळ्या शेंगा ती नाशिकच्या बाजारात पाठवी. वाकड्या कोण घेणार, म्हणून त्या झाडावरच वाळू देई आणि त्यांचं बी धरी. गेल्या साली वाकड्या जरा जास्तच निघाल्या होत्या.

गाव काय म्हणेल ते म्हणेल. तिला धास्ती होती ती घोटीला दिलेल्या लेकीची. दिशाने तेच बी नेलं होतं, आणि सासूने पहिल्यांदाच तिच्या शब्दावर घेवड्यासाठी अर्धा एकर सोडला होता.

शुभांगी कागद चाळत पुटपुटली, "चौघांचं बी घरचं, मग रोग एकसारखा कसा?"

"घरचं नाय ते. माझं हाय," नवसाबाई म्हणाली. "चौघांच्याबी फुडं माझं नाव लिव्हा."

शुभांगीचं पेन थांबलं. मावशी, तुम्हाला कुठं माहीत होतं, असं काहीसं ती बोलू लागली. पण नवसाबाई उठून बाजूला गेली होती. तिने दिशाला फोन लावला.

दिशा हसतच बोलली. फुलं लागली होती. पानं तेवढी थोडी पिवळी पडली होती, खत कमी पडलं असेल. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या.

"त्यांच्याकडं दे फोन," नवसाबाई म्हणाली.

"काय झालं, आई?"

"तू दे."

पलीकडे फोन हातातून हातात गेला. विहीणबाईंचा आवाज येण्याआधी नवसाबाईने डोक्यावरचा पदर नीट केला आणि भर उन्हात, त्या समोर असल्यासारखी मान खाली घातली.